चरणजीत सिंग: 'अ‍ॅसिड हाऊसचे जनक' ही पदवी आता परत घ्या

खर्ज (धागाकर्ता)

परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत डीजेशी गप्पा झाल्या. पोरगा चुणचुणीत, यंत्रांची माहिती असलेला. बोलता बोलता म्हणाला, "काका, अ‍ॅसिड हाऊस आपल्या मुंबईत जन्मलं. चरणजीत सिंग. शिकागोवाल्यांनी नंतर ढापलं." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे सगळीकडे लिहिलेलं आहे.

आहेच लिहिलेलं. आणि तेच मला खटकतं, म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅसिड हाऊस म्हणजे ऐंशीच्या दशकात शिकागोच्या क्लबांत रुजलेलं, यंत्रांवर वाजणारं नाचाचं संगीत. चरणजीत सिंग (१९४० ते २०१५) हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांतले वादक. गिटार, बेस, व्हायोलिन, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर. जे हातात येईल ते वाजवणारा माणूस. शंकर-जयकिशन, सचिनदेव, पंचम, लक्ष्मी-प्यारे, सगळ्यांकडे वाजवलं. १९८२ च्या सुमारास त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, टीबी-३०३ बेसचं, आणि वर सुरावटीला ज्युपिटर-८. तबला नाही, तंबोरा नाही. तबकडी कुणी फारशी घेतली नाही आणि विषय तिथेच संपला.

२००२ मध्ये एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत एका दुकानात सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि युरोपात एकच गलका झाला. कारण यातलंच ३०३ घेऊन शिकागोच्या फ्युचर या तिघांच्या गटाने १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं होतं, आणि अ‍ॅसिड हाऊसची जन्मतारीख म्हणून तेच सांगितलं जातं. मुंबईचा सरदारजी पाच वर्षं आधी! काहींना तर ही थापच वाटली. कुणातरी युरोपियनाने आज घरात बसून बनवून जुन्या कव्हरात घातलीय, असा संशय होता.

थाप नव्हती. पण 'जनक' हा शब्दही खरा नाही. बाप व्हायला पोर लागतं. शिकागोच्या त्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा काडीचा पुरावा नाही. आणि माझी खरी तक्रार वेगळी आहे. या एका पदवीपायी त्यांची उरलेली तीस वर्षं पुसली जातात. 'दम मारो दम'च्या सुरुवातीला जे काही घुमतं त्यातलं ट्रान्झिकॉर्ड याच माणसाचं. ते अ‍ॅकॉर्डियनसारखं गळ्यात अडकवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. ते सूर कोट्यवधी लोकांच्या कानात पन्नास वर्षं बसलेत. प्रभाव त्याला म्हणतात. पण तो कुणी मोजत नाही, कारण तिथे कव्हरवर दुसऱ्याचं नाव आहे.

माझ्या मते त्या तबकडीचं गोत्र शिकागोचं नाहीच. वेंडी कार्लोसने १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर बाख वाजवला, तोमिताने १९७४ मध्ये देब्युसी वाजवला, त्या घराण्यातली ही तबकडी. शास्त्रीय ऐवज नव्या यंत्रावर, घरी बसून ऐकायला. खाली ठेका डिस्कोचा, कारण साल १९८२.

बोला.

लोअर_परळ

पहिला तो पहिला. एवढं साधं आहे हे. एव्हरेस्टवर आधी चढलेल्याला आपण 'पण तुमचं बघून दुसरे कुठे चढले?' असं विचारतो का?

शिकागोवाल्यांनी ऐकलं नसेल. नसू दे. म्हणून याने केलं नाही असं होतं का? तबकडी लावा. भैरव सुरू होतो, यंत्रातून 'ॐ नमः शिवाय' येतं, आणि मग खालून तो ३०३ चा बुडबुडता आवाज. कुणालाही ऐकवा, नव्वद सालची पार्टी म्हणेल. मी घरी आलेल्या चार जणांवर हा प्रयोग केलाय, चौघेही फसले.

आपल्याकडच्या माणसाला बाहेर मान मिळाला की लगेच 'तसं नाही हो, खरं म्हणजे' करणारे आपणच. कार्लोसच्या घराण्यात नेऊन बसवलंत, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मागेच.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, होण्याआधी जागा पकडलेली बरी.

षड्जपंचम

तुमचं जनकत्व बाजूला ठेवा. मला आधी हे सांगा, यात राग कुठे आहे?

धागा वाचून काल रात्री ऐकलं. तोडी म्हणून जे वाजतं त्यात तोडीचे स्वर आहेत, तोडी नाही. तोडीचा गंधार आंदोलित, अतिकोमल. पियानोच्या पट्टीवर तो नाहीच, मग यंत्रात कुठून आणणार? मालकंस पाच मिनिटांत? स्वर मांडायला पाच मिनिटं जातात. मेघमल्हाराच्या रिषभावरची मींड तर सोडूनच द्या. यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतं, त्याला मींड म्हणत नाहीत. घसरगुंडी म्हणतात.

वादक कसलेला आहे, हात तयार आहे, हे मान्य. पण आरोह-अवरोह म्हणजे राग नव्हे. पोशाख घालून उभा केलेला पुतळा आहे हा. आपण मात्र 'आपले राग जगात सर्वात आधी' म्हणून छाती फुगवायची. कशाच्या जिवावर?

पेटीवाला

षड्जपंचमजी, दंडवत. पण हे सगळं मी आधी कुठेतरी ऐकलंय. पेटीबद्दल.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दारं बंद केली, ती जवळजवळ तीस वर्षं. मुद्दे अगदी हेच: श्रुती नाहीत, मींड नाही, परदेशी पेटारा. तोवर गोविंदराव टेंब्यांनी पेटी घरोघरी नेऊन ठेवली होती. पेटीवर तोडी वाजत नाही हे शंभर टक्के खरं, आणि पेटीची साथ घेऊन तोडी गाणाऱ्यांनी मैफली जिंकल्या हेही खरं.

आता या तबकडीत मला काय ऐकू येतं ते सांगतो. मी रागाच्या शुद्धतेसाठी ऐकत नाही, बेससाठी ऐकतो. पाश्चात्त्य गाण्यात बेस कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, मागे पळतो. कॉर्ड बदलली की बेस बदलला. आपल्याकडे कॉर्ड बदलतच नाही, षड्ज हलत नाही. म्हणजे १६ घरांचा एक नमुना यंत्रात भरून ठेवला आणि तो अखंड फिरत राहिला तरी वरचा राग कुठे अडत नाही. उलट तो नमुना तंबोऱ्याचं काम करतो. इंग्रजी गाण्याला अशी साथ दिली तर दुसऱ्या ओळीला खटका उडेल.

अ‍ॅसिड हाऊसमध्येही कॉर्ड बदलत नाहीत. एक बेस दहा मिनिटं फिरत राहतो आणि फक्त आवाजाचा पोत बदलतो. त्यामुळे दोन्ही सारखं वाटतं. ढापाढापी नाही, योगायोगही म्हणवत नाही. दोघांनाही जागचा न हलणारा षड्ज हवा होता, आणि बाजारात असं यंत्र होतं जे न थकता तेच ते वाजवतं.

आणि ललत पुन्हा ऐका. डिस्कोचा बेस म्हणजे सा-प, सा-प. ललतात पंचम वर्ज्य. त्यात दोन्ही मध्यम शेजारी शेजारी. पंचम नसलेला बेस आणि वर ते दोन मध्यम, ऐकताना पायाखालची फरशी सरकल्यासारखी होते. हा परिणाम डिस्कोत नव्हता आणि ललतातही असा नव्हता. पुतळा असा चालत नाही हो.

षड्जपंचम

«पेटीची साथ घेऊन तोडी गाणाऱ्यांनी»

साथ घेऊन. तोच तर मुद्दा आहे. गाणारा गळा होता म्हणून पेटी खपली. इथे गळा कुठे आहे?

ललताचं मात्र पुन्हा ऐकून सांगतो.

शिकागोचा_सदाशिव

पंचवीस वर्षं याच गावात आहे, म्हणून राहवलं नाही. 'ढापलं' हा शब्द जरा जपून वापरा.

इथे काय झालं ते समजून घ्या. ३०३ हे रोलँडच्या तादाओ किकुमोतोने बनवलेलं यंत्र. एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून. ते बेसगिटारसारखं अजिबात वाजत नव्हतं, आणि त्यात गाणं भरणं म्हणजे डोक्याला ताप. सूर वेगळे भरायचे, त्यांची लय वेगळी भरायची, आणि दोन्ही जुळले नाहीत तर भलतंच काहीतरी वाजतं. यंत्र आपटलं. १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात मातीमोलाने जाऊ लागलं. ते या गावातल्या गरीब काळ्या पोरांच्या हाती लागलं. फ्युचरमधल्या डीजे पिएर आणि त्याच्या मित्रांनी ते चालू ठेवून वरची बटणं पिळायला सुरुवात केली. फिल्टर उघड, बंद कर, रेझोनन्स वाढव, सूर तोच पण आवाज किंचाळतो, गुरगुरतो, रडतो. ती टेप त्यांनी 'म्युझिक बॉक्स' क्लबात डीजे रॉन हार्डीला दिली. पहिल्यांदा लावली तेव्हा लोक नाचायचे थांबले. त्याने त्याच रात्री पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्यांदा लोक वेडे झाले. हा किस्सा इथे सगळ्यांना पाठ आहे.

म्हणजे शोध यंत्राचा नाही, सुरांचाही नाही. बटण पिळणं हेच वादन, हा शोध. चरणजीत सिंगांच्या तबकडीत फिल्टर फिरतो, पण तो चवीपुरता. तिथे नायक वरची सुरावट आहे. शिकागोत सुरावट हाकलून दिली आणि फिल्टर नायक झाला. दोन वेगळी नाटकं आहेत, नेपथ्य तेवढं एक.

'३०३ आधी वापरलं' एवढंच म्हणायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडने १९८३ मध्ये वापरलं आणि ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरती गेलं. इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकनेही त्याच वर्षी. त्यांना कुणी जनक म्हणत नाही, कारण त्यात गूढ असं काही नाही. पूर्वेचा विस्मृतीत गेलेला संत हवा असतो लोकांना.

आणि एक बोचरं. काळ्या, बहुतांशी समलिंगी तरुणांच्या क्लबात जन्मलेलं हे संगीत आधीच गोऱ्यांनी धुवून पुसून जगाला विकलं. आता आपण म्हणायचं की ते मुळात आमचं. बरं दिसत नाही.

लोअर_परळ

सदाशिवराव, शेवटचा परिच्छेद मान्य. 'ढापलं' मी म्हणालो नव्हतो, तो खर्जांचा डीजे. पण बाकीचं नाही पटत.

«सुरावट हाकलून दिली»

म्हणजे कमी केलं म्हणून थोर? याने अवघड काम केलं. ज्या यंत्राच्या कटकटीला कंटाळून जगाने ते भंगारात काढलं, त्याच यंत्रात याने दहा राग भरले. सूर आधी, लय नंतर, हे आपल्या माणसाला जड जाणारच नाही. सरगम लिहायची, मग खाली मात्रा मांडायच्या, भातखंडे पद्धतच आहे ती. आणि यंत्रात घरं किती? १६. तीनतालाच्या मात्रा किती? १६. यंत्र जपानी, पण जणू मुंबईसाठीच बनवलेलं.

पेटीवाला

परळकर, तुमच्या बाजूचा असूनही सांगतो, तीनतालावर उडी मारू नका. ती १६ घरं म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे. सम नाही, खाली नाही, नुसता धप धप धप धप. त्या न्यायाने बॅण्डबाजाही तीनताल.

लोअर_परळ

बरं. ते मागे घेतलं. बाकीचं नाही.

तिरकस

या संस्थळावर कुणीतरी काहीतरी मागे घेतलं. तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

मडगांवकार

म्हाका हांसूं येता. तुमी शिकागो आनी मुंबय म्हणून झगडतात. मराठीतच लिहितो, नाहीतर तिरकस अनुवाद मागतील.

नव्वदच्या दशकात मी शाळेत होतो. हणजुण्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर हो, रात्रभर ट्रान्स, म्हणजे यंत्रांवरचंच नाचाचं संगीत, वाजायचं. ३०३ चा तोच पिळलेला आवाज. परदेशी लोक 'पूर्वेचे सूर' म्हणून त्यात कोमल रिषभ घालायचे, कुठे भैरव वाटायचा, कुठे नुसता सापवाल्याची पुंगी. जगभर त्याला 'गोवा' म्हणून नाव मिळालं. आमच्या गावातल्या वाजपी लोकांचा त्यात हात शून्य. आणि त्याच वर्षांत, वरती मुंबईत, ज्या माणसाने खरा भैरव त्याच यंत्रावर घालून ठेवला होता तो समारंभांत फिल्मी गाणी वाजवत होता. हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. जनक कोण ते तुम्ही ठरवा, मला या न भेटण्याचंच जास्त वाटतं.

खर्जांच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, कारण आमच्या लोकांचं तेच झालं. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-लेखन केलं, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पडद्यावर नाव कुणाचं? वादकाचं नाव कव्हरवर नसणं हा त्या धंद्याचा नियमच होता. चरणजीत सिंगांचं निदान एका कव्हरवर तरी आलं.

उमा_र

जनकत्वाचा दाखला वाटायचाच असेल तर रांगेत आणखी माणसं उभी आहेत.

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकी संगीतकार मूग घेऊन आला आणि तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. पुढची तीनेक वर्षं अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी तिथे टेपांवर कामं केली. यातले देसाई हे हिंदुस्तानी गायक. म्हणजे गळा असलेला माणूस मूगसमोर बसला होता, षड्जपंचमजी. त्या टेपा कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये जगासमोर आल्या.

मुंबईतही केर्सी लॉर्ड होते. 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन त्यांचं. सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमात मिनीमूग आणणारे तेच. चरणजीत सिंग आकाशातून पडले नव्हते. नवं यंत्र दिसलं की झडप घालणाऱ्या वादकांची एक पिढीच त्या स्टुडिओंमध्ये होती.

अवांतर: प्रत्येक वेळी सापडणारं कपाट आपल्या देशातलं आणि शोधणारा बाहेरून आलेला, हे कुणाला खुपत नाही का?

खर्ज

उमाताई, खुपतं. पण त्या डच माणसाला दोष देववत नाही. त्याने तबकडी शोधली, नंतर माणूस शोधला, रीतसर पुन्हा छापली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपात जाऊन तरुण पोरांपुढे तीच यंत्रं घेऊन वाजवून आले. आपल्याकडे ती तबकडी रद्दीत होती. मी स्वतः नव्वदच्या दशकात जुन्या तबकड्या चाळत फिरायचो, 'डिस्को' आणि 'राग' हे शब्द एकाच कव्हरवर दिसले असते तर नाक मुरडून पुढे गेलो असतो. कदाचित गेलोही असेन.

सदाशिवरावांचा 'बटण पिळणं हेच वादन' हा मुद्दा मला सगळ्यात पटला. पेटीवाल्यांचं न हलणाऱ्या षड्जाचं त्याच्या खालोखाल. धाग्यात लिहिताना माझ्याकडे एवढं काही नव्हतं, नुसती चिडचिड होती.

चौथी_तार

कधी लिहीत नाही, वाचनमात्र असते. पण यंत्रांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू.

माझे काका फिल्मी रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब. मी लहानपणी एकदा गेले होते. वीस-बावीस व्हायोलिनवाले, चेलो, बासरी, तबला-ढोलक वेगळ्या खोलीत, अ‍ॅरेंजर काचेतून हात करतोय. कुणाचा एक सूर हुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. दिवसाला दोन शिफ्ट असायच्या, फोन आला की काका डबा घेऊन निघायचे.

मग कीबोर्ड आले. आधी एक आला तेव्हा गंमत वाटली. काकाच सांगायचे, काय आवाज काढतो रे तो डबा. मग त्या डब्यात स्ट्रिंग्ज आल्या. वीस माणसांची ओळ एका माणसाच्या डाव्या हातात गेली. फोन कमी झाले. आठवड्यातून एक, मग महिन्यातून एक. काका शिकवण्या घेऊ लागले. त्यांचे काही मित्र ऑर्केस्ट्रात गेले, तिथेही 'कॅसिओ' पोचलाच होता (तेव्हा कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणायचे).

तेव्हा या लोकांच्या चिरस्थायी प्रभावाविषयी लिहिताना तो प्रभाव रिकाम्या खुर्च्यांमध्येही मोजा. चरणजीत सिंगांना दोष देत नाही. त्यांनी कुणाची भाकरी खाल्ली असं म्हणण्याइतकी मी मूर्ख नाही, त्या तबकडीवर तर ते एकटेच होते. पण 'एकटेच होते' याचंच तुम्हा सगळ्यांना इतकं अप्रूप वाटतंय, आणि मला ते वाचताना गिळता येत नाही.

लोअर_परळ

ताई, यावर मला उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्यांच्याकडे १९८२ मध्ये ज्युपिटर-८ होता, म्हणजे अमेरिकेतल्या किमतीने पाच हजार डॉलरच्या घरातली वस्तू, सिंगापूरहून आणलेली. ती शिफ्टमध्ये वाजवून मिळवलेल्या पैशांतूनच आली असणार. म्हणजे ते यंत्र तुमच्या काकांच्या शेजारच्या खुर्चीतूनच आलं.

चौथी_तार

तेच तर म्हणतेय मी.

षड्जपंचम

वचन दिल्याप्रमाणे ललत पुन्हा ऐकला. हेडफोन लावून, पहाटे उठून, म्हणजे वेळेत. पेटीवाले म्हणतात ते फरशी सरकणं एका जागी जाणवलं, बरोबर शुद्ध मध्यमावरून तीव्रवर जाताना खालचा बेस षड्जावर आपटतो तिथे. तेवढ्यापुरतं मान्य. राग नाही म्हणतोय तो नाहीच म्हणतोय.

शिकागोचा_सदाशिव

ललत पहाटेचा. इकडची पार्टीही पहाटेच संपते. वेळ तेवढी दोघांनी पाळली.

तिरकस

शिकागोच्या पार्टीत ललत आणि लग्नाच्या रांगेत अ‍ॅसिड. खर्ज, त्या डीजेला या धाग्याचा दुवा पाठवा. आणि जेवण कसं होतं ते राहिलंच.

खर्ज

मसालेभात बरा. जिलबी गार. डीजेला पाठवला, तो म्हणतो फार लांब आहे, व्हिडिओ असेल तर सांगा.

चौथी_तार

शेवटचं, मग पुन्हा वाचनमात्र.

काका आता ब्याऐंशीचे आहेत. काल रात्री त्यांच्याकडे गेले होते, मोबाइलवर कलावती लावून कानाशी धरला. साल, यंत्रं, शिकागो, काही सांगितलं नाही. नावही नाही. डोळे मिटून अर्ध्यापर्यंत ऐकलं. मग विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, एक. गप्प बसले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, तेच ते खुर्च्यांचं. तर म्हणाले, "हात चरणजीतसारखा वाटतोय."

मी सांगितलं, तेच आहेत. हसले. म्हणाले, बेस वाजवायचा तेव्हाही असाच जरा पुढे पळायचा, आम्ही ओरडायचो. मग आवाज वाढव म्हणाले. मोबाइलचा आवाज आधीच पूर्ण होता.